मी गप्प होतो, होकार दिला नव्हता

प्रोफेसर निमकरांनी मला फसवलं. पैशात नव्हे. पैसे त्यांनी ठरल्याप्रमाणे चोख दिले, दिवाळीला वर धोतरजोडीही दिली. मला जे दिसलं नाही ते दिसलं असं त्यांनी पुस्तकात छापलं, आणि माझ्या नावावर छापलं. नाव म्हणजे नावही नाही, 'मावळातील एक बैलदलाल'. मावळात बैलांचे दलाल पुष्कळ झाले. पण जग उलटं दाखवणारा चष्मा डोळ्यांवर बांधून बैलबाजारात उभा राहिलेला एकच, आणि तो हे लिहितो आहे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे धंद्यातल्या आठवणी मागितल्या. त्यांना बैलांच्या खोडी आणि गिऱ्हाइकांच्या गमती हव्या असणार. त्याही येतील. पण ज्या कामात मला आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद मिळाला ते काम बैलांचं नव्हतं. ते लोणावळ्याच्या एका बंगल्यात, माणसाला दिसतं म्हणजे नेमकं काय होतं हे शोधण्याचं होतं. मी त्यात होतो. ज्याला हसायचं असेल त्यानं आधी शेवटपर्यंत वाचावं.

मी काशिनाथ, मावळातल्या इंदुरीचा. घरी बैल नव्हता, म्हणून दुसऱ्याच्या बैलांचा दलाल झालो. दलालाजवळ जनावर नसतं, दावण नसते, नुसता शब्द असतो. हा दलाल बोलला तसा बैल निघतो, एवढीच त्याची पुंजी. आमचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि दलाल हातात हात घेतात, वर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकतात, आणि बोटांनी भाव करतात. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की दहा, ते जनावराकडे बघून दोघांनाही कळतं. भोवती माणसं उभी असतात, त्यांना काही कळू द्यायचं नाही. डोळे समोरच्याच्या चेहऱ्यावर, तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, आणि खाली बोटं भांडत असतात.

यात एक नियम आहे, तो बाहेरच्यांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण माझं सगळं भांडण त्यावर आहे. समोरच्यानं भाव सांगितला आणि आपण बोट न हलवता गप्प राहिलो, तर तो नकार. म्हणजे पटलं नाही, पुढे बोल. हात रुमालाखाली आहे तोवर सौदा चालू आहे. पटलं की रुमाल उडवायचा आणि हातावर टाळी द्यायची. टाळीशिवाय होकार नाही. बाजारात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

निमकर मला चाकणच्या बाजारात भेटले. पांढरा सदरा, काखेत छत्री, आणि माझ्या इतक्या जवळ उभे की मला वाटलं गिऱ्हाईक फोडायला आलेत.

"काय पायजे?" मी खेकसलो.

"तुमची बोटं काय करतात ते डोळ्यांना कळतं का?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यांचं तितं काय काम? डोळं गिऱ्हाइकावर."

"पण रुमालाखाली हात कसा आहे ते तुम्हाला दिसतं. मनात दिसतं. हो की नाही?"

मी सौदा अर्धा टाकला आणि त्यांच्याकडे पाहिलं. खरोखर दिसत होतं. इतकी वर्षं धंदा केला, पण मला हात झाकलेला असून दिसतो ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. त्या दिवशी एक जोडी हातची गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही, यावरून काय ते समजा.

त्यांनी लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्याला एक कौलारू बंगला भाड्यानं घेतला होता. खिडक्यांना काळे पडदे, भिंतीवर रेघांची चित्रं, टेबलावर भिंगं आणि आरसे. गावात त्याला 'डोळ्यांचा बंगला' म्हणत. लोकांना वाटे दवाखाना आहे. सकाळी पायरीवर मोतीबिंदूची म्हातारी माणसं बसलेली असत, त्यांना समजावून परत पाठवणं हे माझं पहिलं काम. दुसरं काम प्रयोगाला माणसं आणणं. आधी बैल आणत होतो, आता माणसं. फरक इतकाच की माणसाचे दात बघावे लागत नसत.

पण माणूस निवडणं सोपं नाही. प्रयोगाचं सगळं साहित्य म्हणजे समोरच्याचा शब्द. त्याला काय दिसतं ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही. डोकं फोडून बघितलं तरी आत चित्र सापडणार नाही. म्हणून तो जे सांगेल ते खरं असावं लागतं. आमच्याकडची माणसं भिडस्त. कोट घातलेल्या माणसानं "हे मोठं दिसतं ना?" विचारलं की "व्हय साहेब" म्हणून मोकळी. असली माणसं मी बंगल्याच्या फाटकातूनच परत फिरवली. मला भांडणारी माणसं हवी होती.

त्यात पहिला नंबर कुरवंड्याच्या ठकूमावशीचा. वरच्या वाडीतली, जळणाची फाटी विकायला लोणावळ्यात यायची. मी तिच्याशी मोळीच्या भावावरून भांडलो होतो आणि हरलो होतो, तेवढी पात्रता मला पुरली. निमकरांनी तिच्यापुढे फळा ठेवला. फळ्यावर दोन आडव्या रेघा. एकीच्या टोकांना बाहेर पसरलेले फाटे, दुसरीची टोकं बाणासारखी आत वळलेली.

"मावशी, यातली मोठी कुठली?"

"ही. फाट्याची."

मी सुतळी लावून दोन्ही मापल्या. सारख्या.

"सुतळी ताणलीस, मेल्या!" मावशी उठलीच. "बाजारात बी असंच मापतोस का रं?"

निमकरांच्या मदतनीस कुसुमताई तिथं टिपणं घ्यायला होत्या. पुण्याच्या, नुकत्याच एम. ए. झालेल्या. त्यांनी हसत सुतळी मावशीच्याच हातात दिली. मावशीनं मापलं. पुन्हा मापलं. सुतळी दातात धरून गाठ मारून मापलं.

"हायत सारख्या," ती नाइलाजानं म्हणाली.

"आणि आता बघा. आता कशा दिसतात?"

"आता बी हीच मोठी. माप बराबर हाय, डोळंच ऐकत न्हाईत. त्याला मी काय करू? काशा, च्या सांग. भांडून घसा वाळला."

निमकर खुर्चीवरून उडाले. "काशिनाथराव, बघितलंत? हिला आता माहीत आहे, तरी हिला दिसतंय! एकाच माणसात दोन कारकून बसलेत, आणि एकाचं टिपण दुसऱ्याला वाचता येत नाही!" ते हात हलवत खोलीभर फिरत होते आणि मीही त्यांच्या मागं फिरत होतो. त्या संध्याकाळी मी लोणावळ्याच्या बाजारातून चालत गेलो तो प्रत्येक दुकानाच्या पाटीकडे, प्रत्येक माणसाकडे बघत. मला वाटत होतं की आपण डोळ्यांनी बघतो म्हणजे खिडकीतून बघतो. तसं नव्हतं. आत कोणीतरी काम करत होतं, आणि ते काम आपल्याला कधी कळलं नव्हतं! चिक्कीवाल्यानं विचारलं, "काशीशेट, पिऊन आलात का?" न पिता तसं झालं होतं.

मग उलटा चष्मा आला. निमकरांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्करी दुर्बिणीतली भिंगं आणली आणि ती अशी बसवली की वरचं खाली आणि खालचं वर दिसावं. बाजूनं उजेड येऊ नये म्हणून बाजारातल्या सलीमभाई टेलरनं काळ्या कापडाचा टोप शिवला. टोप माझ्या डोक्यावर चढवून तो म्हणाला, "काशीशेट, टाका लय घट्ट बसलाय. बायको ओळखणार नाही, पण सावकार बी ओळखणार नाही."

प्रश्न असा होता. हा चष्मा सतत घातला तर माणसाला सवय होते, तो चालू-फिरू लागतो, हे परदेशी पुस्तकांत होतं म्हणे. पण जग त्याला पुन्हा सुलटं दिसू लागतं, की उलटंच दिसत राहतं आणि तो फक्त निभावून नेतो? विद्वानांत यावरून मारामारी होती. निमकरांना कॉलेजचा विद्यार्थी घ्यायचा होता. मी म्हटलं, "विद्यार्थी पुस्तकात वाचलेलं सांगंल. मला बांधा." पण मी फुकट मान देणारा माणूस नाही. मी रुमाल काढला, त्यांचा हात धरला, आणि एक अट घातली: मी सांगेन ते तसंच्या तसं लिहायचं, त्यातलं काढायचं नाही, त्यात घालायचं नाही. त्यांनी हसत रुमाल उडवला आणि टाळी दिली. कुसुमताई तिथं उभ्या होत्या.

पहिल्या सकाळी मी आडवा झालो. जमीन डोक्यावर, कौलं पायाखाली. मान वळवली की सगळा बंगला पोहत पलीकडे जाई. ओकलो. कुसुमताईंनी पाणी दिलं, तर तांब्यातलं पाणी वर चढून पेल्यात गेलं. बिडी ओढली, धूर खाली पडला. मी हसायला लागलो ते थांबेना. पायरी उतरायला पाय उचलला तर पाय वरून खाली आला, माझाच पाय, दुसऱ्याचा असल्यासारखा. डोळे मिटले की सगळं जागेवर. उघडले की पुन्हा तमाशा.

हळूहळू हात शिकले. आधी कपाकडे हात न्यायचा तर कप सोडून भलतीकडे जाई. मग मी ठरवून उलटा न्यायला लागलो. मग ठरवायची गरज राहिली नाही. कुसुमताई रोज बाजूनं चालत, हात न धरता, पण पडलो तर पकडता येईल इतक्या जवळ. रोज संध्याकाळी निमकर विचारत, "उलटं की सुलटं?" आणि रोज मी सांगे, "उलटं."

मग मी म्हणालो, मला बाजारात न्या. बंगल्यात बसून काय कळणार? निमकर घाबरले, पण आले, कुसुमताईही आल्या.

चाकणला आमच्याभोवती ही गर्दी. काळा टोप, त्यावर दोन नळ्या. पोरं ओरडत होती, "काशीभाऊला शिंगं आली!" एका शेतकऱ्यानं डांगी बैल उभा केला होता. चार दाती आहे म्हणत होता, म्हणजे तरणा.

"तोंड उघड," मी म्हणालो.

"ह्या दुर्बिणीतनं बघणार व्हय? चंद्रावरनं आलास का?"

"तू उघड तर खरं. चंद्रावरनं बी तुजी लबाडी दिसती."

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती हिरडी असते. दात खालीच. चष्म्यातून बघितलं तर दात वर लटकलेले आणि खाली हिरडी. असलं जनावर मी जन्मात पाहिलं नव्हतं! मी मोठ्यानं हसलो. आणि हसता हसता सवयीनं अंगठा आत घातला, जीभ बाजूला सारली, आणि दातांवरून फिरवला.

इथं ते झालं. अंगठा दातांवर होता, डोळे दातांवर होते, आणि वर-खाली असं काही उरलंच नाही. सुलटं झालं नाही. उलटंही नव्हतं. दात होते. एक, दोन, झिजलेला, जुळलेला. चार दाती कसला, सगळे दात आलेला जुना बैल होता तो! मी ओरडलो, "आरं, हा तर माज्या लग्नातला!" गर्दी हसली. मग रुमाल पडला, बोटांचं भांडण झालं, टाळी झाली. रुमालाखाली माझा हात जसा नेहमी असतो तसाच होता. त्याला चष्म्याची खबरच नव्हती.

निमकर मागच्या गाडीनं येणार होते. कुसुमताईंबरोबर गाडीत बसल्यावर मी मनाशी विचारलं, आता कसं दिसतंय? आणि तसं विचारल्याबरोबर जग पुन्हा उलटं झालं. मी पुन्हा कुसुमताईंशी बोलण्यात रमलो, ते विरलं. पुन्हा विचारलं, उलटं. मी त्यांचा हातच धरला. "ताई, इचारलं की हुतंय! न इचारता काईच न्हाई! प्रश्नच उलटा करतोय!" त्यांचेही डोळे चमकत होते. त्या म्हणाल्या, "हे सरांना असंच्या असं सांगा, काशीभाऊ. अगदी असंच."

बंगल्यावर निमकर टेबलाशी बसले. मी उभाच राहिलो, बसवत नव्हतं.

"बोला. बाजारात उलटं की सुलटं?"

"तुमी इचारता तवा उलटं."

"ते राहू द्या. बैलाचे दात बघताना?"

"दात बघताना दात."

"म्हणजे उलटं नव्हतं?"

"न्हाई."

"म्हणजे सुलटं झालं!"

मी गप्प राहिलो. त्यांनी भाव सांगितला होता, तो मला पटला नव्हता. उलटं आणि सुलटं, एवढीच दोन बोटं त्यांनी पुढे केली होती आणि माझा माल तिसराच होता. मी आमच्या रीतीनं गप्प राहिलो, पुढचं बोलणं यावं म्हणून. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मान हलवली, लिहिलं, आणि पेनला टोपण लावलं. चहा आला. मला वाटलं, उद्या पुन्हा बसू. हात रुमालाखालीच होता.

पायऱ्या उतरताना कुसुमताई हळूच म्हणाल्या, "काशीभाऊ, तुमचं उत्तर अर्धंच राहिलं ना?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी निमकरांनी चष्मा सोडवला. त्यांचं काम झालं होतं, पुन्हा काही विचारलंच नाही. पुढे बंगल्याचं भाडं परवडेना, पडदे उतरले, आणि मी पुन्हा बैलांकडे आलो. नंतर गुडघे गेले तेव्हा कार्ल्याच्या रस्त्यावर पेंडीचं दुकान टाकलं.

तिथं एकदा लेण्यांना आलेली कॉलेजची सहल थांबली. त्यांचे मास्तर माझ्याशी बोलता बोलता उलट्या चष्म्याची गोष्ट ऐकून दचकले. "तुम्हीच का ते? ज्यांना जग सुलटं दिसलं?" पिशवीतून पाठ्यपुस्तक काढून त्यांनी वाचलं: 'मावळातील एक निरक्षर बैलदलाल. प्रयोगाअखेर त्यास जग सुलटे दिसू लागले. विचारता त्याने मूक संमती दर्शविली.' खाली ते का झालं याची दोन पानं कारणं. मेंदू असं करतो, सवय तसं करते. मुली-मुलं हे पाठ करून परीक्षा देत होती. जे झालंच नाही त्याची कारणं!

निरक्षर म्हटल्याचा राग वेगळा. मी चौथीपर्यंत शिकलोय आणि हे तुम्ही वाचताय. पण 'मूक संमती' वाचून माझं डोकं फिरलं. दुकान तसंच टाकून मी पुण्याला गेलो.

निमकर थकले होते, पांघरूण घेऊन बसले होते. मी दारातूनच सुरू केलं. "सर, गप्प म्हंजे न्हाई! आमच्या बाजारात गप्प म्हंजे न्हाई!" आणि बैलाच्या दातांपासून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे कारणं सांगतील. पण ऐकता ऐकता ते पांघरुणातून बाहेर आले. त्यांचे गाल लाल झाले.

"म्हणजे मी माणसाला काय दिसतं ते शोधत होतो, आणि समोरच्या माणसाचं गप्प बसणं मला नीट दिसलं नाही! मला जे हवं होतं तेच दिसलं. ठकूमावशीसारखं!" ते खोकेपर्यंत हसले. "पण काशिनाथराव, तुमचं उत्तर फार मोठं आहे. प्रश्न विचारण्यानंच जर ते बदलत असेल, तर आम्ही मोजलं काय? इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"इचारलं कुनी?"

त्यांनी स्वतःच्या उपरण्याखाली माझा हात घेतला आणि म्हणाले, नव्या आवृत्तीत ते वाक्य काढतो, तुमचं उत्तर घालतो. उपरणं उडवलं. टाळी दिली. हाडं हाडांवर वाजली, पण टाळी ती टाळी. मी घरी आलो तो नाचतच आलो म्हणायला हरकत नाही.

नवी आवृत्ती निघण्याआधी निमकर गेले. ती कुसुमताईंनी काढली. आता त्या मोठ्या प्राध्यापिका आहेत. मी पुस्तक आणवून बघितलं. वाक्य होतं तिथंच होतं. एकच सुधारणा होती: 'मूक' शब्द गाळला होता. आता मी नुसती संमती दिली आहे.

मी त्यांना भेटलो. त्यांनी आदरानं बसवलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "सर आता नाहीत, काशीभाऊ. त्यांचं वाक्य मी कसं बदलू? आणि तुमचं ते उत्तर शास्त्रात बसवायचं कुठं?" मी रागानं कप आपटला तो फुटला. त्याबद्दल मला वाईट वाटतं, कप चांगला होता.

म्हणून आता चार लोकांसमोर विचारतो. कुसुमताई, अटीची टाळी झाली तेव्हा तुम्ही तिथं होता. गाडीत माझा हात तुमच्या हातात होता तेव्हा तुमचे डोळे मी पाहिलेत, आणि तेव्हा मला चष्मा असूनही ते नीट दिसले होते. पायरीवर 'उत्तर अर्धंच राहिलं' हे मी नाही, तुम्ही म्हणालात. सर गेले, मीही जाईन. मग ते अर्धं उत्तर ठाऊक असलेल्या तुम्ही एकट्या उराल, आणि पुस्तक तुमच्या हातात असेल. शास्त्रात ते बसत नसेल तर शास्त्राचं माप चुकलं असं छापा, मला चालेल. मी खोटं बोललो असं छापा, त्यावरही मी भांडेन. पण मी संमती दिली असं छापू नका.

याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, आणि उघड द्यायचं आहे. गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात तर आमच्या बाजाराच्या रीतीनं तो नकार होतो, आणि तुमच्या पुस्तकाच्या रीतीनं ती संमती होते. कुठली रीत लावू, तेवढं तरी सांगा.